आमेन आणि टाळ्या

मिस्साबलिदानात एक क्षण असा येतो की, त्या क्षणी साऱ्या उपासनेचे सार एका वाक्यात एकवटते. धर्मगुरू भाकर आणि प्याला वेदीवरून उंच उचलतात आणि सर्व सन्मान व सर्व गौरव ख्रिस्ताद्वारे पित्याचाच आहे, असे घोषित करतात. ह्या घोषणेला जमलेल्या प्रजेने द्यावयाचे उत्तर अवघ्या एका शब्दाचे आहे : आमेन. संत जेरोम ह्यांनी गलतीकरांस पत्रावरील आपल्या भाष्यात लिहून ठेवले आहे की, रोमच्या मंदिरांत भाविकांचा आमेन आकाशातील गडगडाटासारखा घुमत असे.

आपल्या वसई-विरार परिसरातील चर्चमंदिरांत तो आज कसा घुमतो? येत्या रविवारी प्रत्येकाने कान देऊन ऐकावे. पुष्कळ ठिकाणी तो पुटपुटला जातो. काहींचे ओठ हलतात, काहींचे तेही हलत नाहीत. मात्र त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू होतात. सणासाठी अमक्यांनी इतकी देणगी दिली, तमक्यांनी मंडपाचा खर्च उचलला, अमुक पदाधिकारी वेळात वेळ काढून आपल्यामध्ये उपस्थित आहेत. शाल येते, पुष्पगुच्छ येतो, छायाचित्रकार वेदीच्या पायऱ्या चढतो, आणि मग साऱ्या मंदिरात टाळ्यांचा कडकडाट होतो.

आमेन क्षीण आणि टाळ्या जोरात : आपल्या उपासनेच्या आजच्या अवस्थेचे ह्याहून नेमके निदान प्रस्तुत लेखकाला सुचत नाही. सर्वच धर्मग्रामांत हे सारख्या प्रमाणात घडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सणाच्या मिस्सेला, चर्चच्या वर्धापनदिनाला, विवाहविधीला आणि आता तर अंत्यविधीलाही हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की, त्यात काही वावगे आहे असे कुणास वाटेनासे झाले आहे. वावगे वाटेनासे होणे हीच खरी चिंतेची बाब होय. म्हणून हा लेख कुणा व्यक्तीविरुद्ध नाही, एका प्रथेविरुद्ध आहे. आणि तो जेवढा स्पष्ट लिहिता येईल तेवढा स्पष्ट लिहिण्याचा संकल्प आहे.

शब्दाचे वजन

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘गौरव’ हा शब्द आपण इतक्या स्वस्तात वापरतो की, त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानी राहिलेला नाही. संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड, वजनदार. गौरव म्हणजे जडत्व, भार. गुरूला गुरू म्हणतात तेही त्याच्या ठायी वजन असते म्हणून. इब्री भाषेत परमेश्वराच्या गौरवासाठी जो शब्द जुन्या करारात येतो तो ‘काबोद’. आणि त्याचाही धातू जडपणाचाच आहे. एकमेकींपासून दूर वाढलेल्या दोन भाषांना देवाच्या वैभवाविषयी बोलताना एकच उपमा सुचावी, ही योगायोगाची गोष्ट असली तरी फार बोलकी आहे. परमेश्वराचा गौरव म्हणजे त्याचे वजन. राजांच्या पहिल्या ग्रंथात शलमोनाच्या मंदिरात हा गौरव भरला, तेव्हा याजकांना सेवेसाठी उभेदेखील राहता येईना, असे वर्णन आहे. जिथे देवाचे वजन उतरते तिथे माणूस आपली मिरवणूक काढू शकत नाही.

पुढे जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा काबोदसाठी ‘डोक्सा’ हा शब्द योजण्यात आला. डोक्साचा मूळ अर्थ मत. लोकांचे आपल्याविषयीचे मत, म्हणजे कीर्ती, नावलौकिक. अशा रीतीने एकाच शब्दात दोन अर्थ येऊन बसले : देवाचे वजन आणि लोकांचे मत. संत योहान ह्यांनी ह्या दुहेरी अर्थाचा मोठा मार्मिक उपयोग केला आहे. आपल्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात ते सांगतात की, अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांचा येशूवर विश्वास बसला होता, परंतु सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भयाने ते तो उघडपणे मान्य करीत नव्हते. कारण देवाकडून मिळणाऱ्या डोक्सापेक्षा माणसांकडून मिळणारा डोक्सा त्यांना अधिक प्रिय होता. शब्द एकच, पण देव आणि लोक ह्यांतून निवड करावी लागते. उपासनेत आपण रोज हीच निवड करीत असतो.

मराठीत तर ‘मान’ ह्या शब्दाने आपल्याला आणखी एक धडा दिला आहे. मान म्हणजे आदर आणि मान म्हणजे गळा. मान घेणाऱ्याची मान ताठ होते, मान देणाऱ्याची मान लवते. उपासनेत ज्याला मान द्यायचा तो एकच आहे. बाकी सर्वांनी मान लववायची असते. गौरवगीतात आपण पवित्र, प्रभू आणि परात्पर ही तिन्ही विशेषणे केवळ ख्रिस्ताचीच आहेत असे तीनदा बजावून सांगतो. त्याच मुखाने तासाभरानंतर त्याच वेदीसमोर आपण इतरांचा जयजयकार करावा, ह्याला विसंगती म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

एलीच्या मुलांचा काटा

उपासनेतील देवाचा वाटा माणसांनी बळकावणे ही काही आजची गोष्ट नाही. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात शिलो येथील याजक एली आणि त्याचे दोन पुत्र ह्यांची कथा आहे. लोक यज्ञ करावयास येत तेव्हा त्या पुत्रांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई आणि भांड्यातून जे वर येईल ते याजकासाठी काढून घेई. पुढे पुढे तर चरबीचे हवन होण्याआधीच तो मांस मागू लागला आणि न दिल्यास बळाने नेऊ लागला. देवाने एलीला जो निरोप पाठवला त्यातील आरोप लक्षात घेण्याजोगा आहे. चोरी केली, असे देव म्हणत नाही. माझ्यापेक्षा आपल्या पुत्रांचा सन्मान तू अधिक केलास, असे तो म्हणतो. तेथे सन्मानासाठी वापरलेले क्रियापद काबोदच्याच धातूचे आहे. वजन कुणाला द्यायचे, हाच प्रश्न होता.

कथेचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. कराराचा कोश शत्रूने नेला, ही वार्ता ऐकताच एली आसनावरून मागे पडला आणि मान मोडून मेला. शास्त्रलेखक तेथे आवर्जून सांगतो की, तो वृद्ध होता आणि जड झाला होता. देवाचे वजन जे आपल्या अंगावर घेतात त्यांची मान ते वजन पेलू शकत नाही, असाच जणू त्याचा आशय. एलीच्या सुनेने त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचे नाव ईखाबोद ठेवले, कारण इस्राएलातून गौरव निघून गेला होता.

आपल्या हाती तीन दातांचा काटा नाही, हे खरे. आपल्या हाती ध्वनिक्षेपक आहे, संगमरवरी फलक आहे आणि कॅमेरा आहे. तीन दाते पुरे होतात.

ख्रिस्तसभा काय सांगते

कुणी म्हणेल, ही लेखकाची वैयक्तिक सोवळेपणाची कल्पना आहे. तसे नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी पवित्र उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसृत केला, त्याच्या 32 व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, उपासनेतील कार्य आणि पवित्र दीक्षा ह्यांमुळे येणारा भेद वगळता, आणि उपासनाविषयक नियमांनुसार मुलकी अधिकाऱ्यांना द्यावयाचा मान वगळता, कोणत्याही खाजगी व्यक्तीला वा वर्गाला विधींत किंवा बाह्य थाटामाटात विशेष मान देऊ नये. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शनाचा 311 वा परिच्छेद खाजगी व्यक्तींसाठी आसने राखून ठेवण्याची चाल निषिद्ध मानतो. त्याच मार्गदर्शनाचा 382 वा परिच्छेद सांगतो की, अंत्यविधीच्या मिस्सेत छोटे प्रवचन असावे, परंतु मृताचे गुणगान करणारे भाषण नसावे. आणि 90 व्या परिच्छेदात सूचनांविषयी जे म्हटले आहे ते इतकेच : आवश्यक असतील तर, आणि थोडक्यात.

परिषदेने मुलकी अधिकाऱ्यांचा अपवाद केला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जिल्ह्याचा अधिकारी वा लोकप्रतिनिधी उपासनेला आला तर त्याला आदराने बसावयास जागा द्यावी, ह्याविषयी तक्रार नाही. पण जागा देणे निराळे आणि ध्वनिक्षेपक देणे निराळे. निवडणुका जवळ आल्या की उपासनेतील ही उपस्थिती कशी वाढते, हे आपण सारेच जाणतो. ज्या वेदीवरून शुभवर्तमान वाचले जाते तिच्या शेजारून उमेदवाराची ओळख करून देणे हा कोणत्याही अपवादात बसणारा मान नव्हे.

देणगीदारांविषयी तर सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच निवाडा झालेला आहे. त्या काळी अर्पण आणणाऱ्यांची नावे उपासनेत वाचली जात. हेतू चांगला होता. त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी हा. परंतु यहेज्केलच्या ग्रंथावरील भाष्यात संत जेरोम तक्रार करतात की, आता सेवक धर्मगुरू मंदिरात उघडपणे नावे वाचतो, अमुक इतके देतो, तमुक इतक्याचे वचन देतो, आणि मनाची टोचणी सहन करीत असतानाही ते देणारे लोकांच्या टाळ्यांनी सुखावतात. वाचकहो, ‘टाळ्या’ हा शब्द प्रस्तुत लेखकाचा नाही, जेरोमचा आहे. ह्या प्रथेला सोळा शतकांचे वय आहे, आणि तिच्या निषेधालाही तेवढेच. अलीकडे कार्डिनल जोसेफ रॅटझिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, ह्यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या उपासनेवरील आपल्या ग्रंथात असेच मत मांडले : उपासनेत मानवी कर्तबगारीसाठी टाळ्या पडू लागल्या की उपासनेचे सत्त्व हरपले असे समजावे, आणि तिच्या जागी धार्मिक मनोरंजन आले आहे असे समजावे.

मिस्सेत नावे घेतली जातात, हे खरे आहे. पोप महोदयांचे नाव घेतले जाते, बिशपांचे घेतले जाते, ज्यांच्यासाठी मिस्सा अर्पण होते त्या मृतांचे घेतले जाते. परंतु ही नावे याचकांची नावे आहेत. ज्यांना देवाच्या कृपेची गरज आहे त्यांची ती यादी आहे, आणि पोपही तिच्यात याचक म्हणूनच येतात. देणाऱ्याचे नाव तेथे नाही, कारण त्या वेदीवर देणारा एकच आहे.

किल्ल्यातील शिळा

आपण वसईकरांनी तर हा धडा इतरांच्या आधी शिकावयास हवा होता. आपल्या किल्ल्यातच तो दगडावर कोरलेला आहे. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि पुढील दोन शतके ह्या नगरात इतके सरदार-उमराव राहिले की, तिचे नावच ‘दों बसईं’ असे मानाचे पडले. त्या उमरावांनी मठ बांधले, मंदिरे बांधली, आणि मरणानंतर आपल्याला मंदिरातच, शक्य तितके वेदीजवळ जागा मिळावी, अशी व्यवस्था केली. फ्रान्सिस्कन मठाच्या भग्न मंदिरात आजही जमिनीवर त्यांच्या शिळा आहेत. त्यांवर नावे आहेत, पदव्या आहेत, कुलचिन्हे आहेत. छप्पर नाही. पावसाळ्यात त्या अक्षरांवर शेवाळ चढते आणि पर्यटक त्यांवरून चालत जातात. त्या नावांसाठी आज वसईत एक ‘हेल मेरी’ म्हणणारेही कुणी नाही.

1739 साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. उमराव निघून गेले. मंदिरांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. भीमाशंकरला आणि नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात त्या अजूनही दाखवल्या जातात. जे जे मिरवण्याजोगे होते ते सारे गेले. राहिले काय? निर्मळ, नंदाखाल, आगाशी, सांडोर, पापडी ह्या गावांतील शेतकरी, कोळी, कारागीर राहिले. संध्याकाळी क्रूसाजवळ दिवा लावून जपमाळ म्हणणाऱ्या त्यांच्या बाया राहिल्या. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठल्या शिळेवर नाही. पण 1998 साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला तो त्या अनामिकांच्या विश्वासावर. कुलचिन्हांच्या शिळांवर नव्हे.

आणि ह्याच नगराचा पुत्र संत गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज पिता आणि इथल्या मातीतील माता. जपानमध्ये व्यापारात जम बसलेला असताना त्याने तो सोडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. दुभाषी म्हणून तो जपानला परत गेला. म्हणजे इतरांचे शब्द पोचवणे हे त्याचे काम. कैदेनंतर कान कापून, हिवाळ्यात शेकडो मैल चालवीत त्यांना नागासाकीला नेण्यात आले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी पंचवीस सहकाऱ्यांसमवेत त्याला क्रूसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. संतपद मिळाले 1862 साली; मध्ये 265 वर्षे गेली. ज्या उमरावांच्या कबरी वसईत आहेत त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. आणि ज्याची कबर वसईत नाही त्याचे नाव गासच्या चर्चला आहे, वसईच्या महाविद्यालयाला आहे, घराघरांतील मुलांना आहे. गौरव कोण देतो आणि कधी देतो, ह्याचे ह्याहून मोठे प्रत्यंतर कोणते हवे?

प्रभूने तरी दुसरे काय सांगितले? याकोब आणि योहान ह्यांनी त्याच्या गौरवात उजवी-डावीकडील आसने मागितली. तुम्ही काय मागता ते तुम्हांस कळत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. संत योहान ह्यांच्या शुभवर्तमानात येशूच्या गौरवाची घटका म्हणजे क्रूसाची घटका. आणि त्या घटकेला उजवी-डावीकडे कोण होते, हे आपण दर पवित्र शुक्रवारी ऐकतो. पहिल्या बाकासाठी धडपडणाऱ्यांनी ती दोन आसने एकदा डोळ्यांपुढे आणावीत.

आक्षेप आणि उत्तरे

ह्या प्रथेच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. चार आक्षेपांचा विचार करू.

पहिला : शाल-श्रीफळ ही आपली संस्कृती आहे, उपासनेचे सांस्कृतिकीकरण करा म्हणता आणि तिलाच विरोध करता, हे कसे? उत्तर असे की, शाल-श्रीफळ ही महाराष्ट्राच्या सभामंचाची रीत आहे, त्याच्या भक्तीची नव्हे. महाराष्ट्राची भक्ती पाहावयाची तर पंढरपूरला जावे. तेथे महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी तेथे समाधी घेतली, अशी परंपरा सांगते. वारीत माणसे एकमेकांच्या पाया पडतात; वय, पैसा, प्रतिष्ठा पाहात नाहीत. ह्या मातीतून उपासनेत काही आणावयाचे असेल तर ती पायरी आणावी. राजकीय सभेतील शाल आणून तिला सांस्कृतिकीकरण म्हणणे हा त्या शब्दाचा आणि ह्या मातीचाही अपमान आहे.

दुसरा : नावे जाहीर केली नाहीत तर देणगी कोण देणार? हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, कारण तो व्यवहाराचा आहे. पण त्याचा अर्थ काय होतो, हे पाहा. आपण देवाला दिलेले नाही, नावाला दिले आहे, अशी ती कबुली आहे. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवणाऱ्यांविषयी प्रभू म्हणतो की, त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. आपण देणगीदाराचे नाव टाळ्यांच्या गजरात जाहीर करतो तेव्हा त्याच्यावर उपकार करीत नाही. स्वर्गात जमा होणारी त्याची ठेव येथेच मोडून त्याच्या हाती देतो. शिवाय आपले आजे-पणजे काय करीत होते? केळीच्या आणि पानवेलींच्या मळ्यांतून, मासळीच्या पाट्यांतून आलेल्या चार पैशांवर त्यांनी मंदिरे उभी केली, दुरुस्त केली. लोकांना विश्वास हवा असतो तो हिशेबाचा. चर्चचा जमाखर्च दर वर्षी पै न् पै फलकावर लावा; नावांची जाहिरात न करताही झोळी रिती राहणार नाही.

तिसरा : देवाचे मंदिर भव्य आणि सण थाटाचा नको काय? अवश्य हवा. ह्या बाबतीत प्रस्तुत लेखक काटकसरवाद्यांच्या पंक्तीत बसावयास तयार नाही. बेथानीत एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडून येशूच्या मस्तकावर ओतली, तेव्हा हे विकून गरिबांना देता आले असते, अशी कुरकुर झाली. येशूने त्या स्त्रीची बाजू घेतली. परंतु त्याच प्रसंगातील दोन गोष्टी आपण विसरतो. कुपी फुटली, देणाऱ्याकडे काही उरले नाही, त्यावर नाव कोरावयास झाकणही उरले नाही. आणि जगभर जिथे शुभवर्तमान सांगितले जाईल तिथे जिची आठवण निघेल असे प्रभू म्हणाला, तिचे नाव संत मार्क ह्यांनी लिहिलेलेच नाही. थाट हवा तर असा हवा. सोनचाफ्याची आणि मोगऱ्याची फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात पाठवणाऱ्या आपल्या गावांनी वेदीवर फुलांची रास रचावी. ती कुणाच्या ‘सौजन्याने’ आहे असा फलक मात्र त्या राशीत खोवू नये. संत योहान क्रिझोस्तोम ह्यांनी दिलेला इशाराही सोबत असू द्यावा : मंदिरात ख्रिस्ताला रेशमाने मढवायचे आणि बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या त्याच ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हा त्याचा सन्मान नव्हे.

चौथा : कृतज्ञता व्यक्त करणे हा ख्रिस्ती सद्गुण नव्हे काय? आहेच. ‘युखारिस्त’ ह्या शब्दाचाच अर्थ मुळी कृतज्ञतास्तुती असा आहे. पण ती स्तुती आपण सर्वांनी मिळून पित्याची करायची असते. राबणाऱ्या माणसाचे आभार मानावयास मिस्सेनंतर सभागृह आहे, चहाचा पेला आहे, हाताने लिहिलेले पत्र आहे, घरी जाऊन घेतलेली भेट आहे. घरी येऊन आभार मानणाऱ्या धर्मगुरूंची आठवण कुटुंबे पिढ्यान् पिढ्या सांगतात. शाली मात्र कपाटात पडून राहतात.

मागच्या बाकावरील माणूस

ह्या सगळ्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उरतो आणि तोच मुख्य आहे. किंमत मोजतो तो मागच्या बाकावरील माणूस. जिच्या पाकिटात वीस रुपये आहेत ती विधवा. डोंगरपट्टीतून आलेले आदिवासी कुटुंब. नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या इमारतीत नव्याने भाड्याने राहावयास आलेले, ज्यांना गावकीत अजून कुणी ओळखत नाही असे परगावचे कॅथलिक. त्यांच्यासाठी कधीही टाळ्या पडणार नाहीत. दर सणाला त्यांना न बोलता सांगितले जाते की, देवाच्या घरीही माणसांच्या दोन रांगा आहेत.

मरणातदेखील हा भेद शिरला आहे. श्रीमंताच्या अंत्यविधीला पाच वक्ते बोलतात, आणि मजुराच्या शवपेटीपुढे कुणीही नाही. सर्वांना सारखेच पांढरे वस्त्र घालणाऱ्या बाप्तिस्म्याचा, एकाच मातीत ठेवणाऱ्या दफनाचा ह्याहून मोठा उपमर्द कोणता? भाषणे बंद करण्याचा नियम कोरडा वाटतो, पण तो गरिबाच्या प्रेताची अब्रू राखणारा नियम आहे. विवाहाचेही तसेच. शेजाऱ्याने केला तेवढा थाट वेदीपुढे न केल्यास आपला मान जाईल, म्हणून कर्ज काढणारी कुटुंबे आपल्या गावागावांत आहेत. आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आठ-नऊ वर्षांच्या बालकाला कुणाचे स्वागत करावयास आपण उभे आहोत हे कळण्याआधी कॅमेरा कुठे आहे हे कळते.

संत याकोब ह्यांच्या पत्राचा दुसरा अध्याय ह्या बाबतीत उघडून वाचावा. सोन्याच्या अंगठ्या घातलेला मनुष्य सभेत येतो, त्याला उत्तम आसन मिळते. मळक्या वस्त्रातील दरिद्री येतो, त्याला पायाशी बसावयास सांगतात. हा पक्षपात निषिद्ध आहे, असे सांगताना याकोब येशूचा उल्लेख कसा करतात? गौरवाचा प्रभू असा. तिथे हे विशेषण सहज आलेले नाही. सगळे वजन ज्याचे आहे त्याच्यासमोर अंगठीचे वजन ते किती? करिंथ येथे श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहात, तेव्हा संत पौल ह्यांनी त्यांना काय सुनावले, तेही आठवावे : तुम्ही एकत्र जमून जे खाता ते प्रभूभोजन नव्हेच. मंत्र बरोबर होते, भाकर-द्राक्षारस होता, तरीही पौल असे म्हणाले. आपल्या सणांच्या मिस्सेविषयी ते काय म्हणाले असते?

काय करावे

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून प्रत्येक पॅरिश कौन्सिलपुढे पाच सूचना ठेवीत आहे. पहिली, मिस्सेच्या वेळेत वेदीजवळ कुणाचाही सत्कार होऊ नये. बिशपांचा नाही, धर्मगुरूंचा नाही, पुढाऱ्यांचा नाही. दुसरी, देणगीदारांची नावे व रकमा मंदिरात वाचू नयेत, आणि नव्या बाकांवर, खिडक्यांवर, पंख्यांवर नावे कोरू नयेत. त्याऐवजी वार्षिक हिशेब जाहीर करावा. तिसरी, रुग्ण, वृद्ध आणि विधीतील सेवक वगळता कुणासाठीही जागा राखू नये. चौथी, अंत्यविधीत मृताविषयीची भाषणे दफनानंतर घरी व्हावीत. पाचवी, विवाहात आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादात छायाचित्रकाराने वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. ह्यांपैकी एकाही गोष्टीला एक रुपया लागत नाही. लागते ते एवढेच की, धर्मगुरूंनी पहिला हार स्वतः नाकारावा आणि पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांनी एकदा मागे जाऊन बसावे.

ख्रिस्तसभा स्वतः आगमनकाळात आणि उपवासकाळात गौरवगीताचा उपवास करते, म्हणून नाताळच्या आणि पुनरुत्थानाच्या रात्री ते गीत छाती भरून गायले जाते. आपणही एक वर्ष टाळ्यांचा उपवास करून पाहावा. सणाच्या नियोजनाची सभा प्रत्येक धर्मग्रामात होतेच. तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर मंडप, ध्वनिक्षेपक आणि वाद्यवृंद ह्यांच्या आधी हा विषय पहिल्या क्रमांकावर यावा, आणि तो कुणी मांडत नसेल तर हा लेख वाचणाऱ्याने हात वर करून मांडावा.